गप्प बसणारे मूल : ताण, चिंता व खिन्नता यांसंबंधी शिक्षकांसाठी अभ्यासपाठ

खोडकर मुलाची दखल शाळा लवकर घेते. तो शेजाऱ्याची वही फाडतो, मधल्या सुटीत झाडावर चढतो, मुख्याध्यापकांपुढे उभा केला जातो आणि या ना त्या निमित्ताने शिक्षकाच्या विचारात राहतो. गप्प मुलाचे तसे होत नाही. ते नेमून दिलेल्या जागी बसते, विचारल्यावाचून बोलत नाही. त्याची कागाळी कोणी करीत नाही व तेही कोणाची करीत नाही. अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'वर्तन उत्तम' असा शेरा लिहून आपण मोकळे होतो. पुष्कळदा तो शेरा खराही असतो. काही मुले स्वभावतःच अबोल असतात व त्या अबोलपणात सुखी असतात. परंतु कालपर्यंत बोलणारे मूल आज गप्प झाले असेल, तर त्याच्या गप्प बसण्याला उत्तम वर्तन समजणे ही मोठी गफलत होय.

प्रस्तुत पाठात या बदललेल्या मुलाचा विचार करावयाचा आहे. विवेचनासाठी निफाड तालुक्यातील सायखेडा व त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. मुलांच्या मनावरील ताण हा शहरातील शिकवणीवर्गांचा प्रश्न आहे, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. ती किती अपुरी आहे, हे या परिसराकडे पाहिले असता सहज ध्यानी येते.

सायखेडा हे गोदावरीच्या काठचे बाजारपेठेचे गाव. समोरच्या काठावर चांदोरी, आणि दोहोंना जोडणारा पूल. नाशिककडून येणारी गोदावरी आणि दारणा या दोन्ही नद्यांचे पाणी एकत्र होऊन येथून पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जाते. त्यामुळे वर धरणांतून विसर्ग वाढला की येथील लोकांची नजर पुलाकडे लागते. 1969 च्या महापुराच्या आठवणी जुन्या पिढीने सांगितल्या. 2016 च्या व पुन्हा 2019 च्या ऑगस्टमधील पूर आजच्या मुलांनी व त्यांच्या थोरल्या भावंडांनी स्वतः पाहिले. घरादुकानांत पाणी शिरले, माणसे सुरक्षित जागी हलवावी लागली, पाणी ओसरल्यावर चिखलात वह्या-दप्तरे सापडली. पंचनामा झाला. त्यात भिंती, धान्य व भांडी यांची नोंद झाली. मुलाच्या मनात काय राहिले याचा रकाना पंचनाम्यात नसतो.

पूर काही वर्षांनी येतो. शेतीची काळजी मात्र दरसाल असते. निफाड हा द्राक्षांचा व कांद्याचा तालुका. 26 नोव्हेंबर 2023 रोजी अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि घड धरलेल्या बागा एका संध्याकाळीत झोडपल्या गेल्या. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच 8 डिसेंबर रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. ती 2024 च्या मे महिन्यात उठली. बाग व कांदा या दोन्हींवर ज्या घराची भिस्त होती, त्या घरात तो हिवाळा कसा गेला असेल याची कल्पना वाचकांस सहज करता येईल. आठ वर्षांच्या मुलाला निर्यातबंदी म्हणजे काय हे कळत नाही. आई रात्री जेवली नाही हे त्याला कळते. सोसायटीचे कर्ज, थकलेली औषधांची उधारी, बहिणीचे लग्न पुढे ढकलावे की काय, ही बोलणी अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या कानी येतात. त्यांपैकी अर्धी त्याला समजतात व उरलेली अर्धी ते आपल्या कल्पनेने भरून काढते. लहान मुलाची कल्पना पुष्कळदा स्वतःलाच दोषी ठरविते: 'सहलीसाठी पैसे मागितले म्हणून बाबा चिडले.' हे ओझे घेऊन मूल दुसऱ्या दिवशी वर्गात येते, आणि आपण त्याला भागाकार विचारतो.

तीन शब्दांचा अर्थ

ताण, चिंता व खिन्नता हे शब्द आपण सैलपणे वापरतो. ताण हा बहुधा समोरच्या प्रसंगाचा असतो. परीक्षा आली की येतो, संपली की जातो, आणि थोड्या प्रमाणात तो कामाला उपयोगीही पडतो. चिंता ही पुढे काय होईल याची असते. प्रसंग टळला तरी ती टळत नाही, नवा विषय शोधून काढते. खिन्नता, जिला आज सामान्यतः नैराश्य म्हणतात, ती यांहून वेगळी. तीत मुलाचा कशातच जीव रमत नाही. आवडता खेळ, आवडता मित्र, आवडता पदार्थ, सारेच फिके होते. ही अवस्था दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज व दिवसाचा बराच वेळ टिकली, तर वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे असते. मोठी माणसे खिन्न झाली की रडतात किंवा सुस्कारे टाकतात. मुले व किशोरवयीन विद्यार्थी अनेकदा चिडचिड करतात. सातवीतला मुलगा एकाएकी उर्मट झाला, तर तो बिघडला असे म्हणण्यापूर्वी ही शक्यताही मनात आणावी.

हे प्रमाण अपवादात्मक आहे असेही कोणी समजू नये. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वर्षे वयाच्या मुलांमुलींपैकी 7.3 टक्के जणांना मानसिक आजार असल्याचे आढळले. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात सुमारे तीन, असा त्याचा अर्थ होतो.

शिक्षकाजवळची साधने

शिक्षक हा डॉक्टर नव्हे व त्याने रोगाचे नाव ठरवू नये. परंतु डॉक्टरांजवळ नसलेली एक गोष्ट त्याच्याजवळ असते. तो त्याच मुलाला वर्षाचे दोनशे दिवस पाहतो. बदल ओळखण्यासाठी यापेक्षा मोठे साधन नाही.

पहिले साधन हजेरीपत्रक. मूल किती दिवस आले नाही एवढेच न मोजता, कोणते दिवस आले नाही ते पाहावे. दर सोमवारी गैरहजर राहणारे मूल, गणिताच्या चाचणीच्या दिवशी पोट दुखणारे मूल, आभाळ भरून आले की दुपारी घरी जाऊ द्या म्हणणारे मूल, या तिघांच्या गैरहजेरीची गोळाबेरीज सारखीच असेल, पण अर्थ निराळा आहे. पोट दुखते हे सोंग आहे असे लगेच म्हणू नये. चिंतेने मुलांचे पोट खरोखर दुखते, डोके खरोखर दुखते. अर्थात वारंवार दुखत असेल तर आधी डॉक्टरांस दाखवून शारीरिक कारण नाही याची खात्री करून घ्यावी.

दुसरे साधन म्हणजे वही. वळणदार अक्षर विस्कटणे, उत्तरे अर्ध्यावर सोडणे, पाने कोरी राहणे, यांतून बोलण्याआधी कळते. तिसरे साधन शालेय पोषण आहाराची पंगत. ताटातला भात कोण चिवडत बसतो, कोण नेहमीच्या मित्रांपासून दूर बसू लागला, हे वाढताना दिसते. मात्र त्या वेळी मोबाइलवर माहिती भरण्याचे काम शिक्षकाच्या मागे लागलेले असते, हेही तितकेच खरे.

लहान मुलांत आणखी काही चिन्हे आढळतात. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, आईचा पदर सुटत नाही, किंवा खेळात तोच प्रसंग फिरून फिरून येतो. पुरानंतर एखादे मूल मातीचे घर करून त्यावर पाणी ओतीत बसले, तर त्याला रागावू नये. जे सांगता येत नाही ते मूल खेळून दाखवीत असते. जवळ बसून 'आता त्या घरातली माणसे कोठे गेली?' एवढे विचारावे. पुष्कळ वेळा मूल स्वतःच त्यांना उंचावर नेऊन ठेवते.

येथे एका वर्गाची वेगळी आठवण करून देणे जरूर आहे. द्राक्षांच्या हंगामात पेठ, सुरगाणा या बाजूंची मजूर कुटुंबे निफाड तालुक्यात मुक्कामाला येतात. त्यांची मुले काही महिने आपल्या शाळेत बसतात व निघून जातात. त्यांची घरची बोली निराळी, मित्र मागे राहिलेले, झोपडी बागेच्या बांधावर. ती गप्प असतात व कोणालाच त्याचे नवल वाटत नाही. कारण ती पूर्वी कशी होती हे येथे कोणाला ठाऊकच नसते. त्यांच्या बाबतीत बदलाची वाट न पाहता, पहिल्याच आठवड्यात एक सोबती नेमून द्यावा.

भीती कशी वाढते व कशी उतरते

भीतीचे कार्य कसे चालते हे शिक्षकाला नीट समजले, तर त्याच्या हातून पुष्कळ काही होण्यासारखे आहे. म्हणून या भागाचा विस्तार करतो. समजा, चौथीतील एका मुलीला वर्गापुढे मोठ्याने वाचण्याची धास्ती आहे. तिचा क्रम जवळ आला की छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, तळहातांना घाम सुटतो, पोटात गोळा येतो. साप दिसला असता शरीर पळण्याची जी तयारी करते, तीच ही तयारी. अशा वेळी लक्ष आकुंचित होते व कालपर्यंत येत असलेला शब्दही आठवत नाही. मुले हसतात. दुसऱ्या दिवशी ती पोट दुखते म्हणून घरी राहते.

आता शिक्षकापुढे दोन वाटा दिसतात व दोन्ही फसव्या आहेत. 'उभी राहा, वाचल्याशिवाय बसायचे नाही' ही पहिली. तिने भीती पक्की होते. 'राहू दे, तुला नको वाचायला' ही दुसरी. ती दयाळूपणाची वाटते, पण परिणाम फारसा वेगळा नाही. सुटका झाल्याबरोबर मुलीला हायसे वाटते, आणि पळाल्याने बरे वाटते हाच धडा तिचे मन शिकते. पुढच्या खेपेस भीती अधिक मोठी होऊन येते.

यांमधली वाट पायऱ्यांची. प्रथम तिने शिक्षकाच्या मेजापाशी, दोघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात एक ओळ वाचावी. हे चार-पाच दिवस चालावे. धडधड कमी झाली की पुढची पायरी. मग मैत्रिणीबरोबर दोघींनी एका सुरात वाचावे. नंतर आपल्या जागी बसूनच दोन ओळी, नंतर पाच जणांच्या गटात, शेवटी फळ्यापाशी. पायरी कोणती घ्यावयाची हे मुलीला विचारून ठरवावे. एखादे दिवशी जमले नाही तर एक पायरी खाली यावे, पण जिना सोडू नये. भीती पूर्ण गेल्यावर वाचावयाचे असे नसते. थोडी भीती असतानाच वाचले म्हणजे ती उतरते. सोबत श्वासाची एक साधी सवय शिकवावी. गरम दुधावर घालतो तशी सावकाश, लांब फुंकर. श्वास घेण्यापेक्षा सोडणे लांब. सर्व वर्गालाच ही सवय लावली तर एकटीवर बोट ठेवल्यासारखे होत नाही.

पुराच्या भीतीला मात्र हे जसेच्या तसे लावता येणार नाही. वाचनात धोका नसतो, नदीत असतो. सायखेड्याच्या मुलाला 'काही होत नाही, घाबरू नकोस' असे सांगणे निरर्थक आहे, कारण झालेले त्याने पाहिले आहे किंवा घरात ऐकले आहे. खोट्या दिलाशाने भीती कमी होत नाही, सांगणाऱ्यावरचा विश्वास मात्र कमी होतो. खरे तेच सांगावे: पाणी पुन्हा येऊ शकते, वरच्या धरणांतून पाणी सोडले की गावाला सूचना दिली जाते, ती आली की आपण काय करावयाचे ते ठरलेले आहे. मग ते खरोखरच ठरवावे. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. उंचावरची जागा कोणती, कोणत्या गल्लीत पाणी आधी येते, घरातून निघताना दप्तर, रेशनकार्ड व आजीची औषधे कोठे ठेवावीत, याची यादी करवून घ्यावी. ज्याला आपले काम ठाऊक असते त्याच्या भीतीला आकार येतो. उन्हाळ्यात, नदी उथळ असताना, मुलांना शिक्षकांच्या सोबतीने पुलापर्यंत नेऊन जुन्या पुराच्या खुणा दाखविल्या तर तोही एक चांगला पाठ होईल.

मुलाशी बोलणे

बोलणे वर्गापुढे नसावे, आणि कार्यालयात बोलावून तर मुळीच नसावे. तेथे मूल शिक्षेचीच वाट पाहते. झाडाला पाणी घालताना, पुस्तकपेटी लावताना, काम करता करता बोलावे. दिसले तेवढेच सांगावे: "बाळ, चार दिवस झाले, तुझ्या ताटात भात तसाच राहतो. मला काळजी वाटली." बहुतेक मुले "काही नाही, गुरुजी" असे म्हणतात. तेव्हा उलटतपासणी करू नये. "बरे, मी पुन्हा विचारीन" असे म्हणावे व दोन दिवसांनी खरोखर विचारावे. पुष्कळ मुले दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेस बोलतात, कारण तोवर आपले विचारणे वरवरचे नव्हते याची त्यांना खात्री पटलेली असते.

मूल बोलू लागले की उपदेश आवरावा. 'तुझ्यापेक्षा गरीब मुले बघ', 'मुलासारखा मुलगा असून रडतोस?', 'आईवडिलांचे कष्ट आठव', ही वाक्ये आपल्या तोंडी बसलेली आहेत. शेवटचे तर विशेष टाळावे; ज्याला आईवडिलांच्या कष्टांचीच काळजी खाते आहे त्याला ते टोचते. 'हे तुझ्यामुळे झालेले नाही' हे वाक्य मात्र लहान मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. किशोरवयीन मुलामुलींना सल्ल्याहून आपले म्हणणे कोणी पुरते ऐकून घेतले याचेच समाधान अधिक असते.

वर्गापुढे 'ढ' म्हणणे, गुणांच्या क्रमाने बसविणे, शिष्यवृत्तीच्या यादीत नाव नसलेल्यांना टोमणे मारणे, या गोष्टी जुन्या झाल्या असे मानावयास हरकत नसावी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे.

घरी जाऊन

पालकांना शाळेत बोलावण्यापेक्षा संध्याकाळी घरी जाणे बरे. पारावर, चार माणसांत विषय काढू नये. "भाऊ, तुमच्या मुलाचे डोके ठिकाणावर नाही" असे म्हणण्याऐवजी, "भाऊ, ताई, वर्गात हा पूर्वीसारखा बोलत नाही, घरी कसा असतो?" असे विचारावे. पालकांजवळ बहुधा अर्धे उत्तर असते. झोप, जेवण, खेळ व शाळा यांच्या वेळा शक्य तितक्या पूर्ववत ठेवाव्या, कर्जाची बोलणी मुले झोपल्यावर करावी व मुलाला थोडक्यात खरे सांगावे, एवढे सुचवावे. काही घरांत नजर लागली, बाहेरचे आहे, अशी समजूत असते. तिच्याशी वाद घालून दार बंद करून घेऊ नये. "अंगारा लावा, पण डॉक्टरांकडेही माझ्याबरोबर चला," असे म्हणणारा शिक्षक मुलाला दवाखान्यापर्यंत नेतो. वाद जिंकणारा नेत नाही.

वैद्यकीय मदतीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रथम भेटावे. त्यांच्या चिठ्ठीवर नाशिक येथे जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे जाता येते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत पथके शाळेत तपासणीस येतात. त्यांना अशा मुलाविषयी एकांतात सांगावे.

विलंब न करण्याची वेळ

'मी नसतो तर बरे झाले असते', 'आता थोडेच दिवस', अशी भाषा मुलाच्या तोंडी किंवा वहीत आली, त्याने आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकल्या, तर ते नाटक समजू नये. एकांतात, शांतपणे, सरळ विचारावे: "तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?" असे विचारल्याने विचार मनात भरतो ही भीती निराधार आहे, विचारल्याने मुलाला मोकळे होता येते. उत्तर होकारार्थी आले तर मुलाला एकटे सोडू नये व 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये. "तुला सुखरूप ठेवण्यासाठी मला आणखी एकाला सांगावे लागेल, पण तुला विचारून, तुझ्यासमोर सांगीन," हे प्रामाणिक असते. त्याच दिवशी पालकांना भेटावे व त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. द्राक्षबागेच्या घरात फवारणीची औषधे हाताशी असतात. ती कुलपात ठेवून किल्ली मोठ्या माणसाजवळ द्यावी, हे पालकांना स्पष्ट सांगावे. संकटाचा क्षण बहुधा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढ्या वेळात कुलूप मुलाचा जीव वाचवू शकते.

10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. मुलाविषयी काय करावे हे विचारण्यासाठी शिक्षक स्वतःही दूरध्वनी करू शकतो. संकटातील बालकांसाठी 1098 हा क्रमांक आहे. मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर 2012 च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे गावकीचा विचार आड येऊ देऊ नये. दोन्ही क्रमांक शिक्षकखोलीत नव्हे, मुलांना दिसतील अशा भिंतीवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहावेत.

पुढील शिक्षण परिषदेला येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाचे मागील दोन महिन्यांचे हजेरीपत्रक एकदा नुसते वाराप्रमाणे वाचावे, आणि ज्या मुलाचे बोलणे या सत्रात आपल्याला आठवतच नाही अशा एका मुलाविषयी अर्धे पान लिहून आणावे: ते कोणाशेजारी बसते, काय खाते, कोणाबरोबर घरी जाते, पूर्वी कसे होते. ही माहिती लिहिता आली नाही तर तेवढेच लिहावे. चर्चेच्या वेळी मुलाचे नाव उच्चारू नये. 'पाचवीतील एक मुलगी' एवढे पुरे आहे. गाव लहान असते.